पान कुठल्या वर्षाचं धरलंय? हवामानाची मॉडेलं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
देशातल्या हवामान मॉडेलांमध्ये जमिनीचा भाग सांभाळणारे शास्त्रज्ञ,
पुणे, नोएडा, दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आमच्या द्राक्षबागेत वर्षातून दोनदा पानं उतरतात, आणि दोन्ही वेळा ती आम्हीच उतरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची. सकाळी टोळी मांडवात शिरते तेव्हा खाली गार सावली असते. दुपारी भाकरीला बसायची वेळ झाली की त्याच माणसांना सावली शोधत बांधावरच्या कडुनिंबाखाली यावं लागतं. दोन-तीन दिवसांत चार एकरांवर नुसत्या तारा, ओलांडे आणि काड्या. मग फुटवा यावा म्हणून काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट, आठ-दहा दिवसांनी पोंगा, म्हणजे कोवळा फुटवा, महिन्या-दीड महिन्यात पुन्हा हिरवागार मांडव.

हे तुमच्या मॉडेलला, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढणाऱ्या गणिताला, कळतं का, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

प्रश्न डोक्यात आला तो पुतणीमुळे. ती पुण्यात एम.एस्सी. करते, विषय वातावरणशास्त्र. दिवाळीला आली तेव्हा लॅपटॉपवर डब्ल्यूआरएफ नावाचं मॉडेल लावून बसली होती. हे मॉडेल फुकट उतरवून घेता येतं, आणि बरेच विद्यार्थी त्यावरच हात बसवतात. मी सहज विचारलं, यात आपलं शिवार कुठे आहे? तिनं एक फाईल उघडली, नकाशावर निफाडच्या पूर्वेला एक चौकोन पकडला आणि बारा आकडे दाखवले. जानेवारी ते डिसेंबर, महिन्याला एक. जमिनीचा किती भाग हिरव्यानं झाकलेला आहे, त्याचे आकडे. एप्रिल-मेमध्ये तळाला, ऑगस्ट-सप्टेंबरात माथ्यावर, मग हळूहळू खाली.

"हे यंदाचे?"

"नाही काका, सरासरी."

"कुठल्या वर्षांची?"

तिनं शोधून सांगितलं. जुन्या संचात १९८५ ते १९९० या पाच वर्षांतल्या उपग्रह-नोंदींची सरासरी. नव्या संचात २००१ ते २०१० ची. जमिनीच्या वापराचा जो जुना नकाशा वर्षानुवर्षं या मॉडेलबरोबर यायचा, तो एप्रिल १९९२ ते मार्च १९९३ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून केलेला. आमच्या घरची पहिली बाग १९९४ ची. त्याआधी त्या रानात बाजरी आणि गहू असायचा. म्हणजे त्या नकाशात आमची बाग नाही, आमच्या वडिलांची बाजरी आहे.

मी कृषी पदवीधर आहे, त्यामुळे पर्णक्षेत्र निर्देशांक हा शब्द मला नवा नव्हता. एक चौरस मीटर जमिनीवर किती चौरस मीटर पान आहे, एकाच बाजूचं मोजून, तो हा आकडा. डी. जे. वॉटसन या इंग्रज कृषिशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये ही कल्पना मांडली आणि परीक्षेत पाच मार्कांना ती हमखास यायची. पण पेपरात लिहिलेला आकडा मी आयुष्यात कधी मोजला नव्हता. तो त्या सुटीत मोजला. एका वेलीच्या काड्या मोजल्या, सदतीस. काडीला पंधरा-सोळा पानं. पुतणीनं वीस-पंचवीस पानं आलेख कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा काढल्या आणि चौकोन मोजले. सरासरी पान १३० चौरस सेंटीमीटर निघालं. सगळं मिळून साधारण साडेसात चौरस मीटर पान. वेलीच्या वाट्याला नऊ बाय पाच फूट जमीन, म्हणजे ४.२ चौरस मीटर. भागाकार केला, १.८. बाकीची पानं वेलीवर तशीच ठेवून, ओट्यावर बसून, चहाचे दोन कप होईपर्यंत हिशेब झाला. छाटणीच्या दिवशी हाच आकडा सकाळी १.८ असतो आणि संध्याकाळी शून्य.

हा आकडा तुमच्या मॉडेलात काय काय करतो ते तुम्हाला मी सांगण्यात अर्थ नाही. पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत आमच्यासारखेही आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. मॉडेलमध्ये झाड नसतं, झाडाच्या जागी काही आकडे असतात, आणि त्यातला हा एक फार ठिकाणी हात घालतो. जमिनीवर ऊन किती पोचणार, हे तो ठरवतो: निर्देशांक १ असेल तर साधारण साठ टक्के ऊन खाली उतरतं, ३ असेल तर वीस-बावीस टक्के. पावसाचा पहिला शिडकावा पानांवरच किती अडकणार, हेही तोच ठरवतो. सर्वसाधारण हिशेब पानाच्या एका थराला ०.२ मिलीमीटरचा आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पान हवेत पाणी किती सोडणार. नोआ नावाच्या जमीन-पद्धतीत, म्हणजे मॉडेलातला जमिनीचा हिशेब करणाऱ्या भागात, जी अमेरिकेच्या जीएफएस घराण्यातल्या मॉडेलांत वर्षानुवर्षं वापरात आहे, पानांचा पाणी सोडायला होणारा अवरोध काढताना खाली भागायला हाच निर्देशांक असतो. निर्देशांक निम्मा धरला की अवरोध दुप्पट.

पाण्याचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. एका हेक्टरवर एक मिलीमीटर म्हणजे दहा हजार लिटर. एवढ्या पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, ती विजेत मोजली तर सुमारे ६,८०० युनिट भरते. पूर्ण वाढलेला ऊस उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा मिलीमीटर पाणी सहज उडवतो. ही सगळी उष्णता उन्हातून येते आणि वाफेत जाते, हवा तापवायला ती उरत नाही. पान नसेल तर तीच उष्णता मातीत आणि हवेत. मेच्या दुपारी आमच्या मांडवाखालचा पारा बांधापलीकडच्या कांदा काढलेल्या उघड्या रानापेक्षा चार अंशांनी खाली असतो. दोन्हीकडे मी तापमापक टांगून ठेवला आहे. मधलं अंतर दीडशे पावलं.

आता मॉडेलची बाजू. २६ मे २०२५ ला केंद्र सरकारनं भारत फोरकास्ट सिस्टिम हे अंदाजाचं मॉडेल सुरू केलं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनं विकसित केलेलं, सहा किलोमीटरच्या चौकोनांचं. नेमक्या त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं. १९५० पासूनच्या नोंदींत एवढा लवकर तो कधी आला नव्हता. योगायोग म्हणायचा. बारा किलोमीटरवरून सहावर येणं ही मोठीच मजल आहे आणि त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. तरी सहा बाय सहाचा एक चौकोन ३,६०० हेक्टरांचा, जवळजवळ नऊ हजार एकरांचा. आमच्याकडे तेवढ्यात द्राक्ष, ऊस, कांदा, सोयाबीन, मका, गहू आणि पडीक असं सगळं येतं. चौकोन लहान केल्यानं डोंगर नीट दिसतो, घाट दिसतो, समुद्राची कड दिसते. पान आपोआप दिसत नाही. ते कुणीतरी घालावं लागतं.

आणि घालायला खाने किती? जमिनीवर काय आहे याचे प्रकार पाडणाऱ्या, जगभर वापरात असलेल्या आयजीबीपीच्या वर्गवारीत शेतीसाठी मुख्य खाना एकच, आणि दुसरा शेती व रानटी झाडोरा यांच्या मिसळीचा. ब्रिटिश युनिफाइड मॉडेल नोएडाच्या केंद्रात चालतं. त्याच्या ज्यूल्स या जमीन-पद्धतीच्या मूळ मांडणीत वनस्पतींचे पाच प्रकार आहेत: रुंद पानांची झाडं, सुईपर्णी झाडं, दोन तऱ्हांचं गवत आणि झुडूप. ऊस गवतात जातो. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे, पण बारा फुटांचं गवत, जे जुलै-ऑगस्टला लावलं तर सोळा-अठरा महिने रानात उभं राहतं आणि मग कोयत्यानं एका दिवसात नाहीसं होतं. द्राक्ष कशात बसवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हा दोष तुमच्या एकट्यांचा नाही. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्रात, रेडिंगला, २०१० च्या नोव्हेंबरपर्यंत पर्णक्षेत्र निर्देशांक वर्षभर एकच असायचा. प्रत्येक वनस्पती-प्रकाराला तक्त्यातून एक आकडा, जानेवारीलाही तोच आणि जुलैलाही तोच. मग मोडिस उपग्रह-उपकरणाच्या नोंदींवरून बारा महिन्यांचे बारा आकडे आले, आणि वसंतातल्या तापमानाच्या अंदाजात फरक पडला, कारण मॉडेल ज्या झाडांना पानं आहेत असं समजत होतं ती अजून बोडकी होती. सगळ्यात पुढारलेल्या केंद्रालाही पानाला ऋतू असतो हे मॉडेलात आणायला एवढा वेळ लागला. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. पानाला ऋतू असतो तसं वर्षही असतं.

ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, देशभर पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना पानं दुपारी मलूल पडायची आणि नंतर नंतर सकाळीही उठेनाशी झाली. पुढे राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले. सरासरी तक्त्यात मात्र ऑगस्ट हा भरल्या पानांचा महिना. मातीतला ओलावा कमी झालेला मॉडेलला कळतो, हे मान्य, आणि त्या वाटेनं ते बाष्प कमीही करतं. पण पानंच नाहीत, जमीन उघडी पडली आहे, काळी माती ऊन पिते आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मे २०२५ नेमका उलटा. पाऊस पंधरवडाभर आधी आला, बांध आणि गायरानं मेअखेरीस हिरवी झाली. आमच्या बागेत त्या वेळी सूक्ष्म घडनिर्मितीचा काळ, म्हणजे पुढचे घड डोळ्यांच्या आत तयार होण्याचा, ज्याला ऊन हवं असतं, आणि ऊन नव्हतं; ते दुःख वेगळं. तक्त्यात मे म्हणजे वर्षातला सर्वांत बोडका महिना.

शिवाय आपल्याकडचं पान पावसाच्या मागून येतंच असं नाही. चैत्रपालवी हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पिंपळ, करंज, कुसुंब ऐन कोरड्यात पालवतात. कुसुंबाचं तांबडं पान मार्चच्या रखरखाटात दिसतं. त्यांच्या शेजारचा साग मात्र पावसाचं तोंड पाहिल्याशिवाय मोठं पान काढत नाही. मॉडेलच्या खान्यात दोघेही पानझडी, रुंद पानांचे, सख्खे भाऊ. मंगळवेढ्याची ज्वारी पाऊस आटोपताना पेरली जाते आणि राज्यात इतरत्र पिवळं पडत असताना तिकडे रान हिरवं होत जातं. या गोष्टी बारा आकड्यांत थोड्याफार उतरतात, नाही असं नाही, पण दर वर्षी पेरणी पुढे-मागे होते आणि आकडे जागचे हलत नाहीत.

२०१९ मध्ये मोडिसच्या २००० ते २०१७ च्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातली हिरवाई वाढते आहे, आणि त्यात चीन आणि भारत पुढे. बातम्यांत सगळ्यांनी जंगलांचं कौतुक केलं. प्रत्यक्षात भारताच्या वाढीतला ८२ टक्के वाटा शेतीचा होता, जंगलाचा साडेचारच्याही आत. म्हणजे या देशातलं पान मोठ्या प्रमाणावर विहिरीच्या मोटरीवर, पेरणीच्या तारखेवर आणि कात्रीवर चालतं. ते हवामानाच्या सरासरीत शोधून सापडणार नाही. आणि जमिनीचा ओलावा पावसावर सर्वांत जास्त परिणाम करतो अशा जगातल्या मोजक्या ठिकाणांत भारत येतो, हे २००४ मध्येच अनेक मॉडेलं एकत्र चालवून दाखवलं गेलं. मातीतला ओलावा हवेत जातो तो मुख्यतः पानांतूनच.

तुमची अडचण मला ठाऊक आहे. पान पाहायला उपग्रह लागतो, आणि ज्या जुलै-ऑगस्टमध्ये पान सर्वांत वेगानं बदलतं, नेमकं तेव्हाच वर ढग असतात. आठ-आठ दिवसांची चित्रं एकत्र करूनही कोकण-घाटावर स्वच्छ तुकडा मिळत नाही, आणि मग रिकामी जागा पुन्हा सरासरीनंच भरली जाते. आंधळी कोशिंबीर. पण रडारला ढग आडवे येत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत इस्रोनं ईओएस-०४ हा रडार-उपग्रह सोडला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा दुसरा रडार-उपग्रह गेला, जो बारा दिवसांत तीच जमीन पुन्हा पाहतो. रडारच्या परताव्यातून पर्णक्षेत्र काढणं सोपं नाही, ओल्या मातीचा आणि ओल्या पानाचा गोंधळ होतो, हेही पुतणीनं समजावून सांगितलं. सोपं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

उपग्रहाच्याही आधी एक गोष्ट जमिनीवरच पडून आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी चालू आहे. दर हंगामाला आम्ही शेतात उभं राहून मोबाईलवर गट नंबर निवडतो, पीक भरतो, लागवडीची तारीख भरतो, फोटो काढतो. रेंज नसली की बांधावर चढून हात वर करून उभं राहायचं, हा आता गावोगावचा हंगामी व्यायाम झाला आहे. ही माहिती पीकविम्याला लागते, अनुदानाला लागते, सातबाऱ्यावर चढते. कुठल्या गटात कोणतं पीक कधी लागलं, हे ज्याला माहीत आहे त्याला आज त्या गटात साधारण किती पान असेल हे सांगता येतं. कृषी विद्यापीठांकडे पिकांच्या वाढीचे तक्ते आहेत. नोंदींत चुका आहेत, काही जण घरी बसूनही भरतात, पण १९९२ च्या नकाशापेक्षा त्या नक्की खऱ्या आहेत. महसूल खातं आणि हवामान खातं यांच्यामध्ये ही माहिती चालत जायला किती दिवस लागतील, ते तुम्हीच जाणे.

एक आक्षेप पुतणीनंच घेतला होता, तो इथे लिहायलाच हवा. ती म्हणाली, काका, कधी कधी खरं पान घातलं की अंदाज बिघडतो. कारण मॉडेलातल्या चुका एकमेकींना सावरून धरतात. पान जास्त धरलेलं असतं म्हणून ऊन जास्त धरलेलं खपून जातं. एक दुरुस्त केली की दुसरी उघडी पडते. आमच्या घराचं जुनं छत असंच आहे, एक वासा काढला की तीन हलतात, त्यामुळे मला ते लगेच पटलं. उद्या घाटावर किती पाऊस पडेल या प्रश्नात पानाचा वाटा थोडाच, हेही पटलं. पण आम्ही तुमच्याकडे फक्त पाऊस बघत नाही. पहाटेचं किमान तापमान बघतो, आर्द्रता बघतो, दव बघतो. डावणी हा बुरशीचा रोग येणार की नाही हे पान किती तास ओलं राहतं यावर ठरतं, भुरी या दुसऱ्या रोगाचं गणित वेगळं. जानेवारीत पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही पहाटे ठिबक चालू करतो, बागेत शेकोट्या पेटवतो. आमच्या तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पाऱ्याचा आकडा त्या दिवसांत टीव्हीवर असतो. जमिनीपासून दोन मीटरवरची हवा कशी असेल, यात पान थोडं नाही, बरंच आहे.

आणि आता एआय आलं आहे, त्यामुळे हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. युरोपीय केंद्रानं आपलं एआय मॉडेल फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या कामाला जुंपलं. त्याच वर्षीच्या खरिपात कृषी मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआयवर बेतलेला मान्सूनचा अंदाज एसएमएसनं पाठवला. ही मॉडेलं शिकतात ती प्रामुख्यानं ईआरए५ नावाच्या, १९४० पासूनच्या, जगाच्या हवामानाच्या पुनर्रचनेवर. त्या ईआरए५ मध्येही पान कोणतं? महिन्याच्या सरासरीचं. १९७२ च्या दुष्काळातही तेच, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हाही तेच. हवेच्या मोजणीतून दुष्काळ त्यात उतरतो, पण पान त्यात कधी सुकलेलं नाही. शिष्य कितीही हुशार असला तरी गुरूनं जे पाहिलंच नाही ते तो कुठून शिकणार?

माझं मागणं फार नाही. अंदाज देता तिथे एका ओळीत लिहा: या मॉडेलमध्ये पान कुठल्या वर्षांच्या सरासरीचं आहे. औषधाच्या बाटलीवर बनवल्याची तारीख असते, तसं. मग महाराष्ट्रातल्या एखाद्या पट्ट्यावर, नाशिकवर म्हणा, किंवा उसासाठी कोल्हापूर-सांगलीवर, एका हंगामात एकात सरासरी पान आणि एकात यंदाचं पान, अशी दोन मॉडेलं शेजारी-शेजारी चालवून बघा. महावेध या राज्यातल्या हवामान-जाळ्याची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळामंडळात उभी आहेत, ताळा घ्यायला दुसरीकडे जायला नको. निकाल जो येईल तो छापा, बिघडला तरी छापा. द्राक्षाला वेगळा खाना देता आला तर उत्तम, नाही तर निदान एवढं मॉडेलला कळू द्या की एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये इथलं पान माणसं काढतात.

त्याचीच सुरुवात म्हणून आमच्याकडची नोंद देतो. येत्या गोड्या बहाराची छाटणी १२ ऑक्टोबरला धरली आहे, पाऊस आडवा आला तर तीन-चार दिवस पुढे. छाटणी संपल्याच्या दिवशी या चार एकरांवरचा पर्णक्षेत्र निर्देशांक शून्य. साधारण २२ तारखेला पोंगा. दिवाळीत पुतणी आली की पुन्हा मोजू आणि आकडा कळवू.

कळावे,

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक